क्लच वायर कुठे तुटली, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : २००७ ची अल्टो, वडिलांकडून आलेली. रोज कासारवडवली ते महापे आणि परत. दीड वर्षात तिसरी क्लच केबल तुटली. पहिली घोडबंदर रोडला, दुसरी सोसायटीच्या गेटवर आणि तिसरी गेल्या आठवड्यात कळवा पुलावर, ऐन गर्दीत. एक मेकॅनिक म्हणाला माल ड्युप्लिकेट, दुसरा म्हणाला तुम्ही हाफ क्लचवर चालवता, तिसरा म्हणाला गाडी म्हातारी झाली, काढून टाका. आता कोणत्या कंपनीची केबल टाकू म्हणजे पुन्हा तुटणार नाही, असं तुम्ही विचारताय.

माझं वागळे इस्टेटला गॅरेज आहे आणि काम बहुतेक मारुती-ह्युंदाईच्या जुन्या छोट्या गाड्यांचं. म्हणून सांगतो, कंपनी कोणती हे सगळ्यात शेवटी बघायचं. केबल एकदा तुटली तर तिचं वय झालं म्हणून सोडून देता येतं. पाठोपाठ तीन तुटल्या तर तिला तोडणारं काहीतरी गाडीतच बसलंय. ते तसंच ठेवून सोन्याची केबल टाकलीत तरी सहा-आठ महिन्यांनी पुन्हा पुलावर उभे राहाल.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य जाता जाता आलंय, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं : दोन वर्षांपूर्वी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलली होती. आणि वडिलांच्या हातात गाडी होती तेव्हा केबल एकदाच बदलल्याचं तुम्हाला आठवतंय. म्हणजे गाडी तीच, पण गिअरबॉक्स खाली येऊन परत चढल्यावर केबली तुटायला लागल्या. माझा पहिला संशय त्या दिवसाच्या कामावर आहे. तरी छातीठोकपणे सांगत नाही, कारण त्याच सुमारास दुसरंही काही बदललंय. वडील गाडी रविवारी काढायचे, तुम्ही रोज गर्दीच्या वेळेला काढता. दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या की कोणामुळे काय झालं ते अंदाजाने ठरवू नये. गाडीलाच विचारायचं. तुटलेली केबल अजून डिकीत पडली आहे असं तुम्ही लिहिलंय, ती फेकू नका. निम्मं उत्तर तिच्यात आहे.

क्लच वायर, म्हणजेच केबल, पायाखालचं पेडल आणि गिअरबॉक्सवरचं क्लचचं लिव्हर यांना जोडते. आधी ही वायर सहन काय करते ते समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. बाहेर प्लास्टिक, त्याच्या आत पोलादी पट्टीची स्प्रिंगसारखी गुंडाळी, तिच्या आत नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी, म्हणजे अस्तर, आणि त्यातून सरकणारी आतली तार. ही तार अखंड नसते, बारीक पोलादी तारांचा पीळ असतो. पायाने तुम्ही दहा-अकरा किलो जोर लावलात तर पेडलच्या लांबीमुळे केबलवर त्याच्या चौपट-पाचपट ओढ येते. म्हणजे धरा पन्नास-पंचावन्न किलो. अडीच-तीन मिमीच्या पिळाच्या तारेला ही ओढ काहीच नाही, ती कित्येकशे किलो पेलते. निव्वळ ओढून क्लच वायर तुटत नाही, असं मी म्हणतो ते यामुळे.

ती तुटते वाकून. कपड्याच्या हँगरची तार हाताने ओढून तोडून दाखवा, जमणार नाही. तीच एका जागी दहा-वीस वेळा इकडे-तिकडे वाकवा, सुटून हातात येते. क्लच वायरचं तेच, फक्त वाकणं अगदी थोडं असतं म्हणून वेळ लागतो. आधी पिळातली एक तार जाते, तिचा भार बाकीच्यांवर येतो, मग दुसरी, तिसरी. शेवटी चार-पाच उरलेल्या एका दाबात जातात आणि तुम्हाला वाटतं अचानक तुटली.

तुमच्या प्रवासाचा ढोबळ हिशेब मांडू. मुंगीच्या चालीने गाडी चालली की मिनिटाला चार वेळा तरी क्लच दाबला जातो. येता-जाता मिळून दोन तास असे गेले तर दिवसाला पाचशेच्या आसपास, महिन्याला बारा हजार, दीड वर्षात दोन लाखांच्या वर. आकडा मोठा वाटतो, पण नीट बसवलेल्या केबलला तो झेपायला हवा. मुंबईत काळ्या-पिवळ्या सँट्रो टॅक्सी होत्या, त्यांनाही केबलचाच क्लच होता आणि त्या दिवसभर हेच करायच्या. त्यांच्या केबली दर सहा महिन्यांनी तुटत असत्या तर धंदा कोणी केला असता? म्हणून नुसत्या ट्रॅफिकवर खापर फोडू नका. ट्रॅफिक असलेला दोष लवकर बाहेर काढतो, नसलेला तयार करत नाही.

आता डिकीतली ती केबल उजेडात घ्या आणि तुटलेलं टोक बघा. शक्य असेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा.

पहिली शक्यता, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी : गिअरबॉक्सच्या बाजूला, जिथे तार आट्याच्या (म्हणजे स्क्रूसारखे पेच पाडलेल्या) दांडीत दाबून बसवलेली असते, अगदी त्या तोंडाशी तुटलेली. टोक ब्रशसारखं फुललेलं. काही तारांची टोकं काळपट, गंजलेली आणि दोन-चार चकचकीत. काळपट तारा महिन्याभरापूर्वीच तुटल्या होत्या, चकचकीत त्या दिवशी तुटल्या. म्हणजे वाकून वाकून तुटली आहे, आणि वाकली का याचं कारण तिथेच शेजारी असतं. आट्याची दांडी क्लचच्या लिव्हरमधून जाते, तिच्यावर एक छोटी गोल पिन आणि मागे नट. क्लच दाबला की लिव्हर कमानीत फिरतं, सरळ रेषेत सरकत नाही. त्यामुळे ती पिन लिव्हरच्या खाचेत थोडी फिरली पाहिजे, म्हणजे दांडी तारेच्या रेषेत राहते. पिन गंजून किंवा चिखल बसून जाम झाली की दांडी लिव्हरबरोबर तिरकी होते आणि प्रत्येक दाबाला तार तोंडाशी मोडते. बोटाच्या पेराएवढी ती पिन. साफ करून ग्रीस लावायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण केबल बदलताना जुन्या पिनेवरच नवा नट आवळून गाडी देऊन टाकणारे खूप आहेत. जाम पिन राहिली तर पुढची केबलही त्याच जागी तुटणार हे लिहून घ्या.

तिथेच आणखी एक बघायचं. केबलचं बाहेरचं कव्हर गिअरबॉक्सवरच्या एका पट्टीत अडकतं. गिअरबॉक्स चढवताना ती पट्टी वाकली, किंवा तिचा बोल्ट नीट न बसवता सोडला, तर केबल लिव्हरकडे तिरकी येते. वरून बघितलं की कळतं. कव्हर जिथे संपतं तिथपासून लिव्हरपर्यंत तार सरळ रेषेत दिसली पाहिजे. ती कव्हरच्या कडेला घासत असेल तर त्या जागी तारेवर चकाकी दिसते. तुमच्या बाबतीत मी हे सगळ्यात आधी बघेन.

दुसरी शक्यता, पेडलच्या बाजूला तुटलेली. तिथे तारेचं टोक पेडलच्या वरच्या आकड्यात अडकतं. आकडा घासून धारदार झाला किंवा कोरडा पडला की तेच होतं, वाकणं आणि कापणं. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्चने बघावं लागतं, पाठ दुखते, म्हणून कोणी बघत नाही. पेडलच्या याच बाजूसाठी दोघांनी मिळून आणखी एक गोष्ट करा. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून केबल जिथे इंजिनच्या मागच्या पत्र्यातून बाहेर येते तिथे बघायचं. जुन्या गाडीत तिथला पत्रा गंजून किंवा चिरून मऊ झालेला असतो आणि प्रत्येक दाबाला श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे होतो. असं दिसलं तर वेल्डिंगचं काम आहे, केबलचं नाही.

तिसरी, मधेच कुठेतरी तुटलेली. ही तुलनेने कमी. कव्हरमध्ये पाणी जाऊन तार गंजली, किंवा कव्हर गरम एक्झॉस्टला टेकून अस्तर वितळलं, किंवा केबलला कुठेतरी कोपऱ्यासारखं वळण पडलं. केबल धरून ठेवणारी एक-दोन क्लिपं असतात, ती काढली की परत लावण्याचा आपल्याकडे रिवाज नाही. दोन वर्षांपूर्वीच्या कामात तुमची क्लिप गेली असेल तर केबल इंजिनवर मोकळी लोंबत असेल.

वळणाचं महत्त्व लोकांना पटत नाही म्हणून आकडे देतो. कॉलेजात इंजिनिअरिंग केलेल्यांना कॅप्स्टनचं सूत्र आठवत असेल. वळणावरून दोरी ओढली की लागणारा जोर घर्षण आणि वळणाचा एकूण कोन यांच्यावर ठरतो, आणि तो गुणाकाराने वाढतो. केबलची सगळी वळणं मिळून अर्धं वर्तुळ होतं असं धरा आणि लिव्हरला ४० किलो लागतात असं धरा. अस्तर चांगलं असेल, घर्षणांक ०.१ च्या आसपास, तर पेडलकडून साधारण ५५ किलो ओढावे लागतात. अस्तर झिजलं, गंजलेली तार पोलादावर घासू लागली, घर्षणांक ०.३ झाला, की तेच १०० च्या वर जातात. पायाला अकरा किलोच्या जागी वीस. लिव्हरला मिळालं तेवढंच, वरचं सगळं तार घासण्यात गेलं. म्हणून पेडल जड झालं असेल तर गाडी म्हातारी झाली असं म्हणून गप्प बसू नका.

चौथी शक्यता थोडी चमत्कारिक आहे, पण गिअरबॉक्स उतरवल्याचा उल्लेख आला की मी ती तपासल्याशिवाय राहत नाही. अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हकडून एक जाड वायर बॉडीला जाते आणि इंजिन-गिअरबॉक्सलाही अर्थ असतो. स्टार्टर फिरवताना छोट्या गाडीतही शंभर अँपिअरच्या वर करंट जातो आणि तो इंजिनमधून बॅटरीकडे परत यायला वाट हवी. गिअरबॉक्स उतरवताना ती अर्थ वायर सोडतात. परत लावायची राहिली, किंवा गंजलेल्या बोल्टवर तशीच आवळली, तर करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. मग इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं धातूचं काय उरलं? क्लचची केबल आणि ॲक्सिलरेटरची केबल. सकाळी चावी फिरवली की ती बिचारी तार हीटरच्या कॉईलसारखी तापते, आतलं अस्तर वितळून तारेला चिकटतं, पेडल जड होतं आणि थोड्या दिवसांत तार जाते.

कोपरखैरण्याहून एक झेन आली होती माझ्याकडे. दुसऱ्या गॅरेजमध्ये दोन केबली बदलून झाल्या होत्या, शिवाय ॲक्सिलरेटर अडकतो अशी तक्रार. जुनी केबल कापून उभी चिरली तर आतली पांढरी नळी तपकिरी झालेली, जागोजागी तारेवर मेणासारखी गोठलेली, आणि तारेच्या एका भागावर निळसर छटा. निळा रंग म्हणजे पोलाद भरपूर तापलंय. गिअरबॉक्सवरची अर्थ वायर बोल्टला होती, पण लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या, आत हिरवी पावडर. हलवली की तांब्याचे धागे गळत होते. नवी वायर, दोन्ही बाजूंना घासून स्वच्छ केलेली जागा, आणि एक साधी केबल. ॲक्सिलरेटरची तक्रारही त्याच दिवशी गेली.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा, क्लॅम्पला नाही, मधल्या शिशाच्या खांबालाच. दुसरं टोक गिअरबॉक्सच्या स्वच्छ बोल्टला. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर उत्तम. ०.५ च्या वर गेला तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर चार-पाच वेळा स्टार्टर मारून केबलच्या कव्हरला हात लावा. थंड इंजिनवर कव्हर कोमट लागलं तर कारण सापडलं.

आता जड क्लचकडे. तुमची केबल तोंडाशी तुटलेली असेल, पिनही मोकळी असेल आणि तरी तुटत असेल, तर प्रश्न केबलच्या पलीकडे आहे. नवी केबल लावायच्या आधी, केबल सुटी असताना, दोन गोष्टी हाताने करून बघा. नव्या केबलची तार दोन्ही टोकांना धरून पुढे-मागे ओढा, ती लोण्यासारखी सरकते. मग गिअरबॉक्सवरचं लिव्हर हाताने हलवा. आतलं रिलीज बेअरिंग (लिव्हर ज्याला ढकलून क्लच सोडवतं ते) टेकेपर्यंत ते थोडंसं मोकळं फिरलं पाहिजे आणि वर-खाली डगमगता कामा नये. ते खरखरत असेल, अडकत असेल, किंवा क्लच दाबताना तिकडून चूं-चूं येत असेल, तर त्या लिव्हरचा शाफ्ट आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) कोरडे किंवा गंजलेले आहेत. शाफ्ट गिअरबॉक्सच्या घंटेत, म्हणजे क्लचला झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या भागात, उभा शिरतो, वरच्या बाजूने पाणी आत जातं. क्लच प्लेट बदलताना हा शाफ्ट बाहेर काढून साफ करून, बुश बघून, ग्रीस लावून बसवायचा असतो. घाईत हे काम राहतं आणि बिलात मात्र पूर्ण क्लच ओव्हरहॉल लिहिलेलं असतं.

प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट या जोडीचंही बघायला हवं. त्या वेळी नुसती प्लेट बदलली की पूर्ण सेट? प्लेट झिजली की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं जागा बदलतात आणि क्लच दाबायला जड होतो. नवी प्लेट पडली की तो हलका व्हायला हवा. काम झाल्यावर पेडल उलट जड झालं होतं का, ते आठवून बघा. झालं असेल तर एक तर शाफ्ट कोरडा, नाही तर प्रेशर प्लेट वेगळ्याच कडकपणाची बसली आहे.

आता तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकच्या म्हणण्याबद्दल. हाफ क्लचवर गाडी चालवणं वाईटच. गायमुखच्या चढावर ब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरणारे रोज दिसतात आणि त्यांच्या प्लेटा मीच बदलतो. पण त्याने प्लेट जळते, केबल नाही. पाय पेडलवर टेकवून ठेवल्याने रिलीज बेअरिंग लवकर जातं. केबलचं आयुष्य किती वेळा दाबलं आणि किती जोराने दाबलं यावर ठरतं. तुमची सवय वाईट असेलही, मी तुम्हाला चालवताना पाहिलेलं नाही, पण तीन केबली त्या सवयीने तोडल्या हे मला पटत नाही. गिऱ्हाईकाच्या पायावर ढकललं की गाडीखाली जावं लागत नाही, हा त्यातला फायदा.

पावसाळ्याचा भाग वेगळा. तुमचा रस्ता विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जातो आणि तिथे जोराच्या पावसात पाणी साचतं. गिअरबॉक्सकडचं केबलचं टोक खाली, चाकाच्या बाजूला असतं. त्यावरचं रबरी बूट फाटलेलं असलं की चिखलाचं पाणी थेट कव्हरमध्ये. वर खाडीकाठची दमट, खारी हवा. मे महिन्यात ते बूट बोटाने चाचपून बघा. कडक होऊन चिरा पडल्या असतील तर पावसाच्या आधी केबल बदललेली बरी. आणि एक विनंती, कव्हरमध्ये इंजिन ऑइल ओतू नका. बाईकवाल्यांची ही सवय गाडीला लावतात. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेल लागत नाही. तेलात धूळ बसते आणि तार घासायला पॉलिश पेपर तयार होतो. ग्रीस लावायचं ते दोन्ही टोकांना, पिनेला आणि आकड्याला.

मग कंपनीचा प्रश्न. मारुतीची जेन्युइन मिळाली तर तीच घ्या, किमतीतला फरक काही फार मोठा नाही. जुन्या गाडीचे पार्ट कधीकधी लगेच मिळत नाहीत, मग ओळखीच्या दुकानातून नावाजलेल्या कंपनीची घ्या. लोकल माल खरोखर वाईट असतो, त्यात तुमचा पहिला मेकॅनिक खोटं बोलला नाही. फक्त एका खराब केबलने तीनदा तुटण्याचा उलगडा होत नाही. दुकानात काउंटरवरच केबल हातात घेऊन बघा. तार पूर्ण सरकवा, कुठेही खरखर नको. आट्याच्या दांडीच्या तोंडाशी पीळ सुटलेला किंवा दाबामुळे चेपलेला नको. जुन्या केबलशेजारी ठेवून तारेची आणि कव्हरची लांबी वेगवेगळी मोजा. कव्हर थोडं लांब असलं तरी केबल बसते, पण वळण जास्त घेते. वळण वाढलं की काय होतं ते वर आलंच. अल्टोच्या नावाखाली वेगवेगळ्या मॉडेलांच्या केबली एकाच खोक्यातून निघतात, म्हणून मोजायला सांगतोय.

बसवताना पेडलला थोडी मोकळीक ठेवा. वरचे १०-२० मिमी पेडल हलक्या बोटाने खाली गेलं पाहिजे, मग ओढ जाणवली पाहिजे. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तो खरा. इथे एक उलटी गंमत असते. केबल ताणली की मोकळीक वाढते, तेव्हा नट आवळायचा. प्लेट झिजली की मोकळीक कमी होते, तेव्हा नट ढिला करायचा. क्लच घसरतोय म्हणून नट आणखी आवळणारे मी पाहिलेत. त्याने प्लेट आणखी घसरते आणि केबल दिवसभर ताणात राहते.

नवी केबल तुटायच्या आधी सांगून जाते. पेडल जड होणं, गिअर बसायची जागा खाली खाली जाणं, आवळलेला नट दोन आठवड्यांत पुन्हा आवळावा लागणं, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज. विशेषतः नट पुन्हा पुन्हा आवळावा लागत असेल तर तार लांब होत नाहीये, तिच्या पिळातले पदर एकेक तुटतायत. तेव्हा गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काढू नये.

तरीही पुलावर तुटलीच तर आधी हॅझार्ड लावा. मागे दणका बसेल अशी जागा असेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि स्टार्टर मारा. जुन्या अल्टोत क्लच न दाबताही स्टार्टर फिरतो, गाडी हिसके देत निघते आणि इंजिन चालू होतं. पुढे कोणी चिकटून उभं नाही हे बघूनच. पहिल्यातच कडेपर्यंत जा आणि थांबायच्या क्षणी न्यूट्रल करा. क्लच न दाबता वरचे गिअर टाकत महाप्यापर्यंत गेल्याच्या गोष्टी गॅरेजमध्ये रंगवून सांगितल्या जातात. जमतं, पण त्या हौसेत सिंक्रोचा, म्हणजे गिअर सहज बसवणाऱ्या आतल्या रिंगांचा, खर्च केबलच्या कितीतरी पट होतो.

गाडी विकायची का, हा तुमचा प्रश्न नव्हता पण तिसऱ्या मेकॅनिकने डोक्यात घातलाय म्हणून लिहितो. २००७ ची गाडी, म्हणजे १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन संपून पुढच्या ५ वर्षांसाठी आरटीओत पासिंग झालेलं असणार. ते पुन्हा करायची वेळ आली की बॉडीचा पत्रा, इंजिन, टॅक्स सगळं मिळून विचार करा. क्लच केबलसाठी गाडी विकणाऱ्याने पुढच्या मालकाला फक्त एक न सुटलेलं कोडं स्वस्तात दिलेलं असतं.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आज जुनी केबल बघायची, टोक आणि आतलं अस्तर. टोकाशी तुटली असेल तर पिन आणि पट्टी. अस्तर वितळलं असेल तर अर्थ वायर. दोन्ही ठीक असेल तर लिव्हर हाताने. हे तिन्ही गिअरबॉक्स न उतरवता होतं, आणि तुमच्या गाडीत कारण पहिल्या दोनांत सापडेल असा माझा कयास आहे. लिव्हर जाम निघालं तरच गिअरबॉक्स उतरवायचा खर्च करा, आणि तेव्हा शाफ्ट, बुश, बेअरिंग, प्लेट, प्रेशर प्लेट सगळं एकदमच करून घ्या, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते. काम देताना मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा की काढलेले पार्ट मला परत हवेत आणि शाफ्ट बाहेर काढल्यावर फोन कर, मी येऊन बघणार आहे.